राजभवनात बसलेले न्यायमूर्ती आणि आपले राहून गेलेले आभार

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता)

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावातील वाचनालयाची स्मरणिका यंदा निघते आहे. सीमाभागाच्या सार्वजनिक जीवनाशी ज्यांचा संबंध आला, पण ज्यांची आपल्याकडे कोणी साधी नोंदही ठेवली नाही, अशा मंडळींविषयी तिच्यात एक कृतज्ञतेचे टिपण असावे असे ठरले आणि ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी विषय सुचवला तो असा: राज्यपालाचे पद मध्येच मोकळे झाले म्हणजे नवा राज्यपाल येईपर्यंत ज्या न्यायमूर्तींनी तो कारभार सांभाळला, त्यांचे आभार मानावेत. समितीतील निम्मे लोक हसले आणि उरलेल्यांनी "याचा बेळगावशी काय संबंध?" असे विचारले. संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. काळ्या दिनाच्या सायकल फेरीत दंडाला काळी फीत बांधून गेलेल्या प्रत्येकाला ती पाठ आहे. परंतु त्या दिवशी मुंबई राज्याचे राज्यपाल कोण होते, हे विचारून पाहा. भलेभले गप्प बसतात. हरेकृष्ण महताब त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राज्यपालपद सोडून ओरिसाचे मुख्यमंत्री झाले, आणि श्रीप्रकाश यांनी सूत्रे हाती घेतली ती १० डिसेंबरला. मधल्या काळात, म्हणजे १४ ऑक्टोबरपासून, मलबार हिलवरील राजभवनात कार्यकारी राज्यपाल म्हणून बसले होते ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला. बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवारकडचा मुलूख मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला तो त्यांच्या अमदानीत. द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण अधिकारावर आले तेही त्याच दिवशी. छागला १९४७ पासून मुख्य न्यायमूर्ती होते आणि बेळगावची अपिले तोवर मुंबईलाच जात असत. त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला मुंबईचे शेवटचे मुख्य न्यायमूर्ती आणि मुंबईचे शेवटचे राज्यपाल म्हणून एकाच माणसाचे नाव घ्यावे लागते.

आमच्या घरी आजोबांच्या एका जमिनीच्या दाव्याचे दफ्तर आहे. लाल नाडी आता विटून मातकट झाली आहे, कोर्ट फीच्या तिकिटांचे कोपरे कसरीने खाल्ले आहेत. त्यातील एका कागदाच्या मथळ्यावर टंकलेले मुंबईचे नाव कोणा कारकुनाने जांभळ्या शाईने खोडून वर म्हैसूर असे लिहिले आहे, आणि खाडाखोडीशेजारी इमानदारीने आद्याक्षरेही केली आहेत. प्रलंबित अपिले अशीच वर्ग झाली. ज्या वकिलांची पिढी मीटरगेजच्या गाडीने पुणे गाठून तेथे गाडी बदलून मुंबईला जात होती, तिला पुढे बंगळूरचा रस्ता धरावा लागला.

आता आभार कशाबद्दल, ते सांगतो. न्यायाधीशाला राजभवनाची हौस नसते असा माझा दावा नाही. परंतु कालपर्यंत ज्याच्या आसनासमोर सरकार पक्षकार म्हणून उभे राहत होते, त्याने त्याच सरकारच्या सल्ल्याने सह्या करायच्या, आणि दीड-दोन महिन्यांनी न्यायालयात परत जाऊन त्याच सरकारविरुद्धचे अर्ज पूर्वीच्याच कठोरपणे ऐकायचे, हे काम दिसते त्यापेक्षा नाजूक आहे. जाहीर सत्कार होतो तो कायम राज्यपालाचा. मधल्या काळातील माणसाचे नाव भिंतीवरील फलकात कंसात येते, किंवा येतही नाही.

आपली मते कळवावीत. टिपणात कोणाची नावे असावीत आणि आभाराची भाषा कशी असावी, हे दोन्ही प्रश्न माझ्यापुढे आहेत.

निपाणीकर

धागा माहितीपूर्ण आहे, पण आभाराच्या कल्पनेला माझा विरोध नोंदवून ठेवा.

सीमाभागाला न्यायमूर्तींचा अनुभव काय आहे? राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष सय्यद फाजल अली हे सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, आणि आयोगावर येण्यापूर्वी ओरिसाचे राज्यपाल. त्यांच्या आयोगाने १९५५ साली बेळगाव तिकडे दिले. पुढे मेहरचंद महाजन आले; तेही माजी सरन्यायाधीश. त्यांच्या आयोगाचा अहवाल १९६७ साली आला आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे असे त्यात ठरले. त्याच अहवालात आमची निपाणी महाराष्ट्राला द्यावी असेही म्हटले होते, तेही कागदावरच राहिले. तेव्हा न्यायमूर्ती म्हटले की आमच्या घरात कोणाचे हात आपोआप जुळत नाहीत.

दुसरे असे की छागला यांनी १ नोव्हेंबरला नेमके काय केले? संसदेने कायदा केला होता, तारीख दिल्लीने ठरवली होती. राजभवनात ते नसते आणि दुसरे कोणी असते, तरी बेळगाव त्याच दिवशी गेलेच असते. ज्याने काही केलेच नाही, त्याचे आभार कसले मानायचे?

जुने दफ्तर

निपाणीकरांचा प्रश्न रास्त आहे, परंतु त्यात दोन गोष्टींची गल्लत होते आहे. चाळीस वर्षे वकिली केल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो, मंडळींनी सांभाळून घ्यावे.

फाजल अली आणि महाजन यांनी निवृत्तीनंतर नेमणुका घेतल्या आणि आपली मते देऊन निवाडे लिहिले. त्यांच्या मतांशी भांडण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. प्रभारी राज्यपाल झालेला पदावरील न्यायमूर्ती ही निराळी गोष्ट आहे. आपल्या राज्यघटनेत उपराष्ट्रपती आहे, पण राज्यांना उपराज्यपाल नाही. राज्यपाल वारला, त्याने राजीनामा दिला किंवा दुसऱ्या पदावर तो गेला, तर काय करायचे, याचे उत्तर अनुच्छेद १६० मध्ये एका वाक्यात आहे: घटनेच्या या प्रकरणात तरतूद नसलेल्या अशा प्रसंगी राष्ट्रपतींना योग्य वाटेल ती व्यवस्था त्यांनी करावी. मुख्य न्यायमूर्तीचे नावही तेथे नाही. दीर्घकाळ त्याच्याकडे पाहिले गेले ते रूढीने, कारण राज्याच्या राजधानीत सरकारच्या बाहेर असलेला आणि सर्वांना मान्य होईल असा तेवढाच एक वरिष्ठ माणूस हाताशी असे.

आता गंमत पाहा. अनुच्छेद १५९ प्रमाणे राज्यपालाला, आणि राज्यपालाची कामे पाहणाऱ्या प्रत्येकाला, शपथ देतो तो उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायमूर्ती. तोच शपथ घेणारा असेल तर ती देतो उपलब्ध असलेला सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती, म्हणजे कालपर्यंत त्याच्या शेजारी बसणारा सहकारी. तिकडे न्यायालयाचे काम अडू नये म्हणून अनुच्छेद २२३ खाली कार्यकारी मुख्य न्यायमूर्ती नेमता येतो. जिल्हा न्यायाधीशांच्या नेमणुका अनुच्छेद २३३ नुसार राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतो. म्हणजे आपणच पूर्वी ज्या टेबलावरून शिफारस पाठवली असेल, ती आता आपल्याच टेबलावर सहीला यायची. उच्च न्यायालयाने कायम केलेल्या शिक्षेवरील दयेचा अर्ज अनुच्छेद १६१ खाली राज्यपालाकडे येतो, तेथेही तोच पेच. आणि ज्याची हयात प्रत्येकाला न्यायालयापुढे उत्तरदायी ठरवण्यात गेली, तो अनुच्छेद ३६१ मुळे राज्यपालाच्या कामापुरता स्वतःच न्यायालयाला उत्तर देण्यास बांधील राहत नाही.

दोन्ही शपथा शेजारी ठेवून वाचाव्यात असे मी नवशिक्या वकिलांना नेहमी सांगतो. न्यायमूर्ती शपथ घेतो ती भय किंवा पक्षपात, ममत्व किंवा आकस न ठेवता काम करण्याची. राज्यपाल शपथ घेतो ती राज्यातील जनतेच्या सेवेस आणि कल्याणास वाहून घेण्याची. एकीत माणसांपासून अंतर राखायचे आहे, दुसरीत माणसांच्या जवळ जायचे आहे, आणि मधल्या काळातील न्यायमूर्तीला दुसरी पाळताना पहिलीला तडा जाऊ द्यायचा नसतो.

"काही केलेच नाही" असे निपाणीकर म्हणतात. मधल्या काळातील माणसाने आपल्या मर्जीने काही न करणे हेच त्याचे काम आहे. ज्याला ते जमले त्याचे आभार मानण्यात मला वावगे वाटत नाही.

चंदगडी

एक छोटी भर घालतो. बेळगाव जिल्हा गेला, पण चंदगड तालुका मुंबई राज्यातच राहिला आणि आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. म्हणजे छागला साहेब १ नोव्हेंबरनंतरही पाच-सहा आठवडे आमचे राज्यपाल होते! बेळगावकरांनी त्यांना 'शेवटचे' म्हणावे, आम्ही मात्र म्हणणार नाही. टिपणात तेवढी दुरुस्ती असावी. आमच्या गावची माणसे बाजाराला आणि दवाखान्याला तेव्हाही बेळगावलाच जात होती आणि आजही जातात, हा भाग निराळा.

मार्कंडेयकाठ

चंदगडकरांची सूचना मान्य. दफ्तरकाका, आपला प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

निपाणीकरांसाठी १९६९ सालाकडे वळतो, कारण त्या एका वर्षात दिल्ली, बंगळूर आणि मुंबई अशा तिन्ही ठिकाणी न्यायमूर्तींना दुसऱ्याच्या खुर्चीवर बसावे लागले.

मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यकारी राष्ट्रपती झाले. हेच गिरी १९६५ ते १९६७ या काळात आपले, म्हणजे म्हैसूरचे, राज्यपाल होते. राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी जुलैमध्ये पद सोडले, आणि नुकत्याच केलेल्या कायद्यानुसार सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला २० जुलै ते २४ ऑगस्टपर्यंत कार्यकारी राष्ट्रपती राहिले. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन त्याच सुमारास दिल्लीत आले, तेव्हा यजमान तेच होते. ऑगस्टअखेरीस आपले राज्यपाल गोपाळ स्वरूप पाठक उपराष्ट्रपती झाले आणि बंगळूरच्या राजभवनात म्हैसूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ए. आर. सोमनाथ अय्यर आले. ऑक्टोबरमध्ये नवे राज्यपाल धर्मवीर येईपर्यंत त्यांनी काम पाहिले. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल पी. व्ही. चेरियन पदावर असतानाच वारले, तेव्हा मुंबईत मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल यांनी सूत्रे घेतली आणि फेब्रुवारी १९७० पर्यंत सांभाळली. महाजन अहवालावरून दोन्हीकडे वातावरण तापलेले असताना, सीमाभागातील माणसाने बंगळूरला निवेदन पाठवले काय किंवा मुंबईला पाठवले काय, काही आठवड्यांच्या अंतराने ते एका न्यायमूर्तीच्याच टेबलावर पडले असते.

हिदायतुल्ला यांची गोष्ट मला यात सर्वांत मोलाची वाटते. चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याला राष्ट्रपती म्हणून संमती दिली ती त्यांनी, ९ ऑगस्ट १९६९ रोजी. त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि अकरा न्यायमूर्तींच्या खंडपीठाने १० फेब्रुवारी १९७० रोजी तो रद्द ठरवला. हिदायतुल्ला तेव्हा पुन्हा सरन्यायाधीशांच्या आसनावर होते, पण त्या खंडपीठावर ते बसले नाहीत. अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती जे. सी. शहा होते. ज्या कागदावर आपली सही आहे तो कागद तपासायला आपण बसायचे नाही. देशातील त्या काळचा सर्वांत मोठा खटला सरन्यायाधीशाने दुसऱ्याच्या हाती सोपवला, आणि सही ज्यांनी केली होती त्यांचाच कायदा त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडीत काढला. माझे आभार आहेत ते यासाठी.

खानापूरची लेक

विद्यापीठात नोकरी करत असल्यामुळे एक व्यावहारिक बाजू सांगते. बेळगावला १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, नंतर राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. राज्यपाल हे कुलपती, त्यामुळे राजभवनात माणूस नसेल तर केवळ विधेयके आणि वटहुकूम अडत नाहीत. कुलगुरूंच्या नेमणुकीपासून दीक्षान्त समारंभाच्या तारखेपर्यंत सगळ्या फायली तेथे थांबतात. आमच्याकडील कारकुनांना राज्यपाल कोण आहेत याच्याशी कर्तव्य नसते, सही करणारे कोणी आहे की नाही एवढेच हवे असते.

पण दादा, हल्ली न्यायमूर्तींना कोठे बोलावतात? २०१४ मध्ये हंसराज भारद्वाज यांची मुदत संपली तेव्हा तमिळनाडूचे राज्यपाल रोसय्या यांच्याकडे कर्नाटकाचा जादा कार्यभार दिला होता, हे मला चांगले आठवते. मग हे टिपण केवळ इतिहासाचे होणार का?

जुने दफ्तर

ताईंचे निरीक्षण अचूक आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने एकाच व्यक्तीला दोन किंवा अधिक राज्यांचे राज्यपाल नेमण्याची सोय झाली, आणि पुढे हळूहळू तोच मार्ग रूढ झाला. फरक किती पडला ते पाहा: १९६९ मध्ये म्हैसूरचे राज्यपाल उपराष्ट्रपती झाले तेव्हा न्यायमूर्ती आले; २०२५ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले तेव्हा गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे जादा कार्यभार गेला.

नव्या पद्धतीत न्यायालय ओढले जात नाही, हा तिचा गुण मी मान्य करतो. अनुच्छेद ५० मध्ये न्याययंत्रणा कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी ठेवावी असे सांगितलेच आहे. परंतु शेजारच्या राज्याचा राज्यपाल हा केंद्राच्याच मर्जीने पदावर असलेला माणूस. मुख्य न्यायमूर्तीचे मूळ आसन कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हते, त्यामुळे त्याच्या तात्पुरत्या सहीला एक वेगळे वजन होते. मला व्यक्तिशः जुनी पद्धत थोड्या दिवसांसाठी बरी वाटते आणि लांबली की मुळीच बरी वाटत नाही.

शहापूर पेठ

निवृत्त न्यायमूर्तींना राज्यपाल करतात ते यात धरायचे का? पी. सदाशिवम २०१४ मध्ये केरळला गेले, आपल्या कर्नाटकातले एस. अब्दुल नझीर २०२३ मध्ये आंध्र प्रदेशाला.

मार्कंडेयकाठ

नाही. त्या नेमणुका आहेत, आणि त्यांच्यावर स्वतंत्र वाद होऊ शकतो. न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदे घेऊ नयेत असे विधी आयोगाने १९५८ सालीच म्हटले होते. आपला विषय मधल्या काळापुरताच ठेवू या.

सिडनीवासी बेळगावकर

दुरून एक माहिती देतो. येथे न्यू साउथ वेल्समध्ये मुख्य न्यायाधीशांनाच लेफ्टनंट गव्हर्नर नेमण्याची परंपरा आहे. गव्हर्नर परदेशी गेले किंवा आजारी पडले की कारभार त्यांच्याकडे येतो. कोण येणार, हे आधीपासून सर्वांना ठाऊक असते. आपल्याकडे दर वेळी नवा आदेश निघतो आणि तो निघेपर्यंत नावांची चर्चा रंगते. आपल्या पद्धतीत मला खटकते ते हेच.

निपाणीकर

बँकांच्या खटल्याचे उदाहरण मला पटले, हे मोकळेपणाने सांगतो. तरी दोन हरकती उरतात.

पहिली अशी. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आपण त्या दाव्याशी जोडलेले लोक आहोत. आपल्या स्मरणिकेत न्यायमूर्तींचे गुणगान छापून आले तर ते कृतज्ञतेचे आहे की आर्जवाचे, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि विचारणाऱ्याला दोष देता येणार नाही. म्हणून पदावर असलेल्या एकाही न्यायाधीशाचे नाव त्यात नको, आणि कोणाला प्रत भेट पाठवणेही नको.

दुसरी अशी. आभार मानताना सगळ्यांना एकाच पंगतीत बसवू नका. राज्यपाल अली यावर जंग डिसेंबर १९७६ मध्ये वारले आणि मुख्य न्यायमूर्ती आर. एम. कांटावाला यांच्याकडे महाराष्ट्राचा कार्यभार आला तो थेट एप्रिल १९७७ पर्यंत. मधला बराच काळ आणीबाणीचा होता. न्यायालयाचा प्रमुख इतके महिने सरकारच्या सल्ल्याने सह्या करत राहावा, आणि तेही अशा दिवसांत, जेव्हा नागरिकाला त्या न्यायालयाचीच सर्वांत जास्त गरज होती, ही व्यवस्था योग्य नव्हती. दोष त्या न्यायमूर्तींचा नव्हे. नवा राज्यपाल वेळेवर न नेमणाऱ्यांचा आहे. पण टिपणात ते यायला हवे.

मार्कंडेयकाठ

दोन्ही हरकती मी जशाच्या तशा घेतो. मसुदा असा केला आहे, पाहून घ्यावा:

"राज्यपालाचे पद अकस्मात मोकळे झाले असता, स्वतःची मागणी नसताना, ज्या न्यायमूर्तींनी मुंबई, म्हैसूर आणि महाराष्ट्र या राज्यांचा कारभार नवा राज्यपाल येईपर्यंत पाहिला, त्यांचे हे वाचनालय सीमाभागातील वाचकांच्या वतीने स्मरण करते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा जिल्हा ज्या राज्यातून निघाला, त्याच्या राजभवनात त्या दिवशी न्या. छागला होते. त्या निर्णयाविषयी आमची वेदना कायम आहे. तो निर्णय त्यांचा नव्हता, हेही आम्ही जाणतो. १९६९ मध्ये बंगळूरला न्या. सोमनाथ अय्यर आणि मुंबईला न्या. कोतवाल यांनी अशीच सेवा केली. त्याच वर्षी राष्ट्रपतिपद सांभाळून परतलेले सरन्यायाधीश हिदायतुल्ला, स्वतः संमती दिलेल्या कायद्यावरील खटल्यात बसले नाहीत, याची येथे आदराने नोंद करतो. १९७६-७७ मध्ये महाराष्ट्रात न्यायमूर्तींवर हा भार काही महिने राहिला. असा भार आठवड्यांपुरताच असावा असे आमचे मत आहे. या टिपणात हयात व पदावर असलेल्या कोणत्याही न्यायाधीशाचा उल्लेख हेतुतः केलेला नाही."

जागा एका पानाची आहे. संपादक १९७६-७७ ची दोन वाक्ये गाळा म्हणतात, कारण आभाराच्या टिपणात टीका शोभत नाही असे त्यांचे मत आहे.

खानापूरची लेक

गाळू नयेत. कन्नड अनुवाद मी रविवारपर्यंत करून देते. आमच्या विभागातील कन्नड सहकाऱ्यांनी वाचायला मागितला आहे. अनुवादात 'आमची वेदना' हे वाक्य तसेच ठेवणार आहे, सौम्य करणार नाही, हे आधीच सांगते.

जुने दफ्तर

मसुद्यात 'स्वतःची मागणी नसताना' हे शब्द काढून टाकावेत. कोणाच्या मनात काय होते याचा पुरावा आपल्याकडे नाही. बाकी कायद्याच्या दृष्टीने ठीक आहे.

निपाणीकर

दफ्तरकाकांची दुरुस्ती करा आणि १९७६-७७ ची वाक्ये ठेवा. ती राहिली तर टिपणाखालच्या सह्यांमध्ये माझीही धरावी, आणि गेली तर माझा पहिला विरोध कायम समजावा.